एकच रक्कम दोन संगणकांवर दोन तऱ्हांनी: एक्सेलमधले लाख-कोटी, देवनागरी आकडे आणि एका पैशाचा फरक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबाची एक्सेल फाइल घरच्या लॅपटॉपवर १२,३४,५६७ दाखवते आणि संस्थेच्या कार्यालयातल्या संगणकावर तीच रक्कम १,२३४,५६७ अशी दिसते. वार्षिक अहवालात आकडे देवनागरीत हवे आहेत. शिवाय छापलेल्या पानावर कुठे कुठे बेरीज एका पैशाने जुळत नाही आणि सभासद त्यावर बोट ठेवतात. या तिन्हींवर चालेल असा एकच फॉरमॅट कोड (संख्या कशी दिसावी हे एक्सेलला सांगणारी चिन्हांची ओळ) मिळेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

असा एकच कोड मिळणार नाही. स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे हा दिसण्याचा भाग आहे, तो फॉरमॅटने सुटतो. एका पैशाचा फरक हा गणिताचा भाग आहे. तो फॉरमॅट बदलून कधीच जाणार नाही, उलट फॉरमॅटमुळेच तो लपून राहतो. म्हणून आधी हे दोन भाग वेगळे करून घेऊ.

एक्सेल प्रत्येक सेलमध्ये संख्या ठेवतं ती फार तर १५ सार्थ अंकांपर्यंत. पडद्यावर दिसतं ते त्या संख्येचं फॉरमॅटप्रमाणे केलेलं चित्र. खरी संख्या बघायची असेल तर सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारकडे बघा. तिथे सूत्र दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि टिल्ड (आकडा १ च्या डावीकडची कळ) एकत्र दाबा. सेल 'जनरल' फॉरमॅटमध्ये जाईल आणि स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह, ठरवलेली दशांश स्थळं सगळं गळून पडेल. पाहून झालं की कंट्रोल-झेडने परत या. फाइल कुठे घोटाळा करते हे शोधायची सुरुवात इथूनच करावी.

आता स्वल्पविराम. नेहमीचा कोड आहे #,##0. यातला स्वल्पविराम एक्सेलला एवढंच सांगतो की अंकांचे गट पाड. ते गट तीन-तीनचे की तीन-दोन-दोनचे, हे एक्सेल विंडोजला विचारतं. घरच्या लॅपटॉपवर प्रदेश म्हणून भारत निवडलेला असणार आणि कार्यालयात अमेरिका, म्हणून एकाच फाइलमधली तीच रक्कम दोन तऱ्हांनी दिसते. फाइलमध्ये काहीही बिघडलेलं नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कार्यालयातल्या संगणकाची मांडणी बदलणं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन' उघडा, 'ॲडिशनल सेटिंग्ज' दाबा, 'नंबर्स' या पानावर 'डिजिट ग्रुपिंग' मध्ये 12,34,56,789 हा पर्याय निवडा. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. फाइल दोन-तीन ठरावीक संगणकांवरच उघडली जाणार असेल तर मी इथेच थांबायला सांगेन. कोड साधा राहतो, ऋण रकमाही बरोबर दिसतात, पुढे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

मात्र फाइल लेखापरीक्षकाकडे, बँकेकडे, परदेशातल्या सभासदाकडे जाणार असेल तर त्यांच्या संगणकावर आपला काही हक्क नाही. मग स्वल्पविराम कोडमध्येच बांधावे लागतात. रकान्यातले सेल निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, 'नंबर' पानावर 'कस्टम' निवडा आणि 'टाइप' च्या चौकटीत हे लिहा:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

कोडमधले आकडे इंग्रजीच टाइप करायचे, मराठी कीबोर्ड चालू ठेवून टाइप केलेलं शून्य इथे चालत नाही. वाचायची रीत अशी. अर्धविराम भाग वेगळे करतो. चौकटी कंसातली अट लागू झाली तर त्यापुढचं रूप वापरलं जातं: एक कोटी किंवा जास्त असेल तर पहिला भाग, एक लाख किंवा जास्त असेल तर दुसरा, बाकी सगळं तिसऱ्यात. # म्हणजे अंक असला तर दाखव, 0 म्हणजे अंक नसला तरी शून्य दाखव. स्वल्पविरामाआधीची उलटी तिरकी रेघ महत्त्वाची आहे. ती म्हणते की हा स्वल्पविराम गट पाडायची सूचना नाही, साधं अक्षर समज आणि नेमका इथेच छाप. ही रेघ विसरली की कोड पुन्हा विंडोजच्या मर्जीवर जातो आणि तुम्हाला वाटतं कोड चुकीचा आहे. पैसे दाखवायचे असतील तर तिन्ही भागांच्या शेवटी .00 जोडा.

हा कोड इंटरनेटवर सगळीकडे सापडतो, पण त्याच्या मर्यादा सहसा कुणी सांगत नाही. चार ठिकाणी तो फसतो.

पहिली जागा ऋण रकमांची. वजा बारा लाख ही संख्या दोन्ही अटींत बसत नाही, म्हणून तिसऱ्या भागात जाते आणि अमेरिकी मांडणीच्या संगणकावर -1,234,567 अशी दिसते. एका कोडमध्ये दोनच अटी घालता येतात, त्यामुळे ऋण बाजूसाठी जागा उरत नाही. यावर मी 'कंडिशनल फॉरमॅटिंग' वापरायला सांगतो. 'न्यू रूल' मध्ये सेलची किंमत -100000 किंवा त्याहून कमी अशी अट घाला, 'फॉरमॅट' दाबा आणि तिथल्या 'नंबर' पानावर कस्टम कोड म्हणून फक्त ##\,##\,##0 लिहा. एकच भाग असलेल्या कोडला एक्सेल वजाचं चिन्ह स्वतःहून लावतं. तसाच दुसरा नियम -10000000 साठी ##\,##\,##\,##0 घेऊन करा आणि यादीत तो वर ठेवा. तुटीचे आकडे ज्या रकान्यात येतच नाहीत तिथे हा खटाटोप करू नका.

दुसरी जागा सीमेवरची. अट लावताना एक्सेल खरी संख्या तपासतं, दाखवण्यासाठी पूर्ण (राउंड) केलेली नाही. दोन दशांश स्थळांच्या कोडमध्ये ९९,९९९.९९६ ही रक्कम लाखाच्या अटीत बसत नाही, तिसऱ्या भागात जाते आणि तिथे दिसताना पूर्ण होऊन 100,000.00 अशी उमटते. एका मोठ्या अहवालात अशी एखादीच रक्कम सापडते आणि ती का वेगळी दिसते हे कळत नाही. व्याजाचे किंवा सरासरीचे रकाने असतील तर अटी 100000 ऐवजी 99999.995 आणि 10000000 ऐवजी 9999999.995 अशा लिहा.

तिसरी, शंभर कोटींच्या वरची. पहिल्या भागात जितक्या जागा आहेत त्यापेक्षा जास्त अंक आले की उरलेले सगळे डावीकडच्या गटात जमा होतात, म्हणजे 123,45,67,890. संस्थेच्या हिशेबात हे येणार नाही. कोणाला लागलंच तर पहिल्या भागाच्या सुरुवातीला आणखी एक ##\, जोडून चालत नाही, कारण मग दोन कोटींच्या रकमेआधी एक मोकळा स्वल्पविराम छापला जातो.

चौथी गोष्ट परदेशातल्या वाचकांची. जर्मनीतल्या मांडणीत दशांश चिन्ह म्हणूनच स्वल्पविराम वापरतात. आपण रेघ घालून पक्के केलेले स्वल्पविराम तसेच राहतात आणि दशांश बिंदूची जागा मात्र तिथल्या मांडणीप्रमाणे बदलते, म्हणून रक्कम 12,34,567,50 अशी दिसते. तिकडे फाइल पाठवू नका, पीडीएफ पाठवा.

लिब्रेऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांना यातला बराच त्रास होत नाही. तिथे सेलच्या फॉरमॅटच्या खिडकीत भाषेची वेगळी यादी असते. त्यात भारतातली इंग्रजी निवडली की साधा #,##0 हा कोडही लाख-कोटीत गट पाडतो आणि ती निवड फाइलबरोबर जाते.

आता देवनागरी आकडे. एक्सेलमध्ये कोडच्या आधी [$-4000439] हा कंस लावला की अंक देवनागरीत उमटतात. त्यातला 439 हा हिंदीचा भाषा-क्रमांक आहे आणि सुरुवातीचा 4 देवनागरी अंक मागतो. अंक हिंदी-मराठीला सारखेच असल्याने आपलं काम होतं. वरच्या कोडबरोबर तो प्रत्येक भागात लावायचा:

[>=10000000][$-4000439]##\,##\,##\,##0;[>=100000][$-4000439]##\,##\,##0;[$-4000439]##,##0

फक्त पहिल्या भागात लावून सोडला तर कोटीच्या रकमा देवनागरीत आणि बाकीच्या इंग्रजीत असं कडबोळं होण्याचा धोका असतो. अंकांचं वळण फॉन्टवर ठरतं. ५, ८ आणि ९ यांची मराठी वळणं काही फॉन्टमध्ये मिळतात, काहींत हिंदी वळणं येतात. अहवाल छापण्याआधी एक पान काढून हे तीन अंक नीट बघा, कारण म्हाताऱ्या सभासदांना अनोळखी वळणाचा ९ वाचताना खरंच अडखळायला होतं.

इथे एक आग्रह धरतो. सेलमध्ये देवनागरी आकडे हाताने टाइप करू नका. संख्या इंग्रजी आकड्यांत भरा आणि दाखवायचं काम फॉरमॅटकडे द्या. हाताने टाइप केलेला देवनागरी आकडा मजकूर म्हणून बसला तर बेरजेचं सूत्र त्याला निमूटपणे वगळतं, चुकीचा इशाराही देत नाही. मजकूर ओळखायची खूण सोपी आहे: डावी-उजवी मांडणी तुम्ही बदललेली नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या.

त्याच कारणाने एकाच शीटवर सगळं करू नये. 'नोंदी' नावाची एक शीट ठेवा, त्यात साध्या संख्या, कमीत कमी सजावट. 'अहवाल' नावाची दुसरी शीट ठेवा, तिच्या सेलमध्ये नोंदींकडे बोट दाखवणारी सूत्रं आणि सगळे देवनागरी, लाख-कोटीचे फॉरमॅट. ही विभागणी का हवी ते सीएसव्ही फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्यासाठीची साधी मजकूर फाइल) बनवताना कळतं. एक्सेल सीएसव्ही करताना संख्या जशी दिसते तशी लिहितं. म्हणजे देवनागरी अंक, जादाचे स्वल्पविराम आणि दोन स्थळांपर्यंत कापलेले दशांश, सगळं जसंच्या तसं त्या फाइलमध्ये जातं आणि पलीकडचं सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. नोंदींची शीट साधी असेल तर तिथूनच सीएसव्ही काढता येते. कॅल्कमध्ये सीएसव्ही जतन करताना 'सेलमधला मजकूर दिसतो तसा जतन करा' या अर्थाची चौकट येते, तिथली खूण काढता येते. एक्सेल तो पर्याय देत नाही.

सूत्रांची नावं मी पुढे उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना ती इंग्रजीतच करायची.

एका पैशाच्या फरकाकडे येऊ, कारण खरं दुखणं तेच आहे. लिफ्टच्या देखभालीचं बिल धरा: मूळ रक्कम १,२३४.५० रुपये, त्यावर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा जीएसटी. प्रत्येक कर १११.१०५ रुपये येतो. दोन दशांश स्थळांच्या फॉरमॅटमध्ये दोन्ही ओळी १११.११ दिसतात. सभासद कागदावर बेरीज करतो: १,२३४.५० अधिक १११.११ अधिक १११.११, म्हणजे १,४५६.७२. एक्सेल मात्र आतल्या संख्या मिळवतं आणि १,४५६.७१ दाखवतं. दोघांचंही गणित बरोबर आहे, फक्त ते वेगवेगळ्या संख्या मिळवत आहेत.

यावर उपाय म्हणजे दिसण्याऐवजी संख्याच पूर्ण करणं, तेही जिथे ती तयार होते त्या ओळीवर. कराच्या सेलमध्ये मूळ रक्कम गुणिले ९ टक्के हे सूत्र राउंड मध्ये गुंडाळा आणि दुसरी किंमत २ द्या. मग सेलमध्ये खरोखर १११.११ बसतं आणि बेरीज कागदाशी जुळते. पैशापर्यंत पूर्ण करायचं की रुपयापर्यंत, प्रत्येक ओळीवर की फक्त शेवटच्या बेरजेवर, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. ते लेखापरीक्षकाला विचारून एकदाच ठरवा आणि पूर्ण वर्ष तसंच ठेवा. अर्धे महिने एका रीतीने आणि अर्धे दुसऱ्या रीतीने केलेला हिशेब नंतर जुळवणं फार जड जातं. कोणी मॅक्रो (एक्सेलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) लिहून देत असेल तर त्याला एक गोष्ट सांगून ठेवा. शीटवरचं राउंड सूत्र अर्ध्याला शून्यापासून दूर नेतं, २.५ चे ३ करतं. मॅक्रोच्या भाषेतलं त्याच नावाचं फंक्शन जवळच्या सम अंकाकडे जातं, २.५ चे २ करतं. नाव एक आणि वागणूक दोन, त्यामुळे शीट आणि मॅक्रो यांची उत्तरं फुटतात.

'ॲडव्हान्स्ड' पर्यायांमध्ये 'सेट प्रिसिजन ॲज डिस्प्लेड' अशी एक खूण आहे. ती केली की एक्सेल पूर्ण फाइलमधल्या संख्या दिसतात तशा कापून टाकतं आणि बेरजा लगेच जुळतात. मोह होईल, पण ती वापरू नका. कापलेले अंक परत मिळत नाहीत. पुढे कोणी व्याजदराच्या रकान्याचा फॉरमॅट सहज शून्य दशांश स्थळांचा केला तर ८.७५ टक्क्यांचे कायमचे ९ टक्के होऊन बसतात. फॉरमॅटसारख्या निरुपद्रवी गोष्टीला संख्या बदलायची ताकद देणं धोक्याचं आहे.

जमा-खर्च जुळतो का हे तपासणारा सेल असेल तर त्यातही एक दुरुस्ती करा. पैशांचे बहुतेक दशांश संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत, म्हणून दोन बाजूंची वजाबाकी शून्य दिसते पण आत फार बारीक काहीतरी उरलेलं असतं आणि 'शून्य आहे का' ही तपासणी नापास होते. फरकाला दोन स्थळांपर्यंत राउंड करून मग शून्याशी तुलना करा.

अहवालात रकमा लाखांत दाखवायच्या असतील, तर तेही कोडने जमतं. कोडच्या शेवटी आलेला स्वल्पविराम संख्येला हजाराने भागतो. लाखाने भागायची सोय नाही, पण दशांश बिंदू अक्षर म्हणून घालून काम होतं:

0\.00," लाख"

१२,३४,५६७ ला हजाराने भागून १२३५ उरतात आणि शेवटच्या दोन अंकांआधी बिंदू छापला जातो, म्हणून 12.35 लाख. ४५,६७८ चे 0.46 लाख होतात. याच रीतीने कोटीसाठी 0\.0,, हा कोड एक दशांश स्थळ देतो आणि 0\.0000, हा चार देतो. दोन स्थळं या युक्तीने निघत नाहीत, कारण भागाकार नेहमी हजाराच्या पटीतच होतो. ती हवी असतील तर अहवालाच्या शीटवर सूत्रानेच एक कोटीने भागा. आलेखाच्या उभ्या अक्षालाही हाच कोड देता येतो. त्यासाठी अक्षाच्या 'नंबर' विभागात 'लिंक्ड टू सोर्स' ची खूण काढावी लागते. पिव्होट टेबलमध्ये (नोंदींचा गोषवारा आपोआप काढणाऱ्या तक्त्यात) मात्र सेलला फॉरमॅट देऊ नका. रकमेवर उजवं क्लिक करून 'नंबर फॉरमॅट' मधून द्या, म्हणजे टेबल ताजं केल्यावर टिकतो.

सभासदांना वर्डमधून मेल मर्ज करून पावत्या पाठवत असाल तर एक्सेलचे फॉरमॅट तिथे पोहोचत नाहीत, वर्ड मूळ संख्या उचलतं आणि कधी कधी दशांशांची लांबलचक शेपटी छापतं. त्यासाठी अहवालाच्या शीटवर एक जादाचा रकाना करा, त्यात टेक्स्ट सूत्राने रकमेचं लाख-कोटीतलं रूप मजकूर म्हणून तयार करा आणि वर्डला तोच रकाना द्या. तो रकाना कुठल्याही बेरजेत घेऊ नका. सम सूत्र मजकूर मोजत नाही आणि उत्तर शून्य येतं.

खाते क्रमांक आणि आधार क्रमांक या संख्या नाहीत, त्या रकमांच्या फॉरमॅटमध्ये ठेवू नका. 'जनरल' मध्ये ११ अंकांपर्यंतच सरळ दिसतं, १२ अंकी आधार क्रमांक लगेच घातांकाच्या रूपात (1.23457E+11 असा) जातो. तो 0000 0000 0000 या कोडने चार-चारच्या गटांत नीट दिसतो. पण १६ अंकी क्रमांक टाइप केला तर सोळावा अंक जाऊन तिथे शून्य बसतं आणि कुठल्याही फॉरमॅटने तो परत येत नाही. असे रकाने भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचे. आधीच भरलेले असतील तर मूळ कागदावरून पुन्हा भरावे लागतील.

हे कोड प्रत्येक सेलला सुटे सुटे लावू नका. 'होम' वर 'सेल स्टाइल्स' मध्ये 'न्यू सेल स्टाइल' करून 'रक्कम देवनागरी' आणि 'रक्कम लाखांत' अशा दोन शैली बनवा. पुढच्या वर्षी समितीने पैसे नकोत, फक्त रुपये दाखवा असं ठरवलं तर एका जागी बदल करून पूर्ण अहवाल बदलेल. आणि नव्या शैलीची चाचणी घेताना हे आकडे एकाखाली एक भरून बघा: 0, 999, 99999.996, 100000, 9999999, 10000000, -1234567. आधी घरच्या लॅपटॉपवर, मग तीच फाइल कार्यालयातल्या संगणकावर.